रस्त्यावरची मोटरसायकल ट्रॅक डेसाठी तयार करताना: आधी ब्रेक, सायलेन्सर सगळ्यात शेवटी

शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी, शर्यत न लावता, जोरात चालवायचा दिवस म्हणजे ट्रॅक डे. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला चौथ्या सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या चौथ्या पाळीत, ब्रेकचा लिव्हर थेट ग्रिपला जाऊन टेकला. गाडी यामाहा आर१५, ट्रॅक कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, वेळ भर दुपारची. दोनदा लिव्हर पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला आणि गाडी वळण सोडून मातीत जाऊन उभी राहिली. पडलो नाही. त्या दिवशी गाडीला नवाकोरा सायलेन्सर होता, महागातला एअर फिल्टर होता आणि लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये तीन वर्षांचं जुनं ब्रेक ऑइल होतं.

तेव्हापासून कुणी विचारलं, "ट्रॅकसाठी गाडीत काय काय करू?" की मी आधी पैसे कोणत्या क्रमाने घालायचे ते सांगतो. ब्रेक ऑइल, पॅड, टायर, सस्पेन्शन, बसण्याची ठेवण, पडल्यावर गाडी वाचवणाऱ्या गोष्टी, आणि हे सगळं झाल्यावर काही उरलंच तर इंजिन. १५० ते ४०० सीसीच्या गाडीवर पहिले चार-पाच ट्रॅक डे तर इंजिनाला हात लावायचं कारणच नसतं.

आपल्याकडे यासाठी जायचं म्हणजे बहुतेकांना दक्षिणेतच जावं लागतं. कारी २.१ किलोमीटरचा, आखूड आणि वळणावळणाचा. रेसर आणि अभियंते एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलं आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, पण तिथली लांबलचक सरळी छोट्या गाडीला कंटाळवाणी वाटते. नवशिक्याने १५०-३०० सीसीची गाडी घेऊन कारीला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे वेग कमी आणि वळणं जास्त. एका सेशनमध्ये तेच वळण दहा वेळा समोर येतं.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. साध्या साडी गार्डचंच घ्या. मागचं चाक निम्म्यापर्यंत झाकणारं संरक्षण आणि मागे बसणाऱ्यासाठी हातात धरायची पट्टी व फूटरेस्ट हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये सांगितलेलं आहे. म्हणून गाडी रोजच्या वापरातही असेल तर प्रत्येक बदल परत फिरवता येईल असाच करा. फ्रेम कापायची नाही, वायरिंग तोडायचं नाही. काढलेला प्रत्येक नट आणि बोल्ट छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहून ठेवा.

विम्याची पॉलिसीही नीट वाचा. आपल्या नेहमीच्या वाहन विम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी आपटली तर खर्च आपल्याच खिशातून, असं धरूनच बजेट बांधा.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही, कारण सिग्नल ते सिग्नल ब्रेक थंड होत राहतो. ट्रॅकवर दर मिनिटाला चार-पाच जोरदार ब्रेक लागतात. चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ऑइल दाबलं जात नाही, आणि लिव्हर रिकामा आत जातो.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळा काढलेली गाडी असेल तर ऑइल बदलल्याशिवाय ट्रॅकवर जाऊच नका. सीलबंद डबा आणा. गॅरेजच्या फळीवर महिनोन्महिने झाकण सैल पडलेला उरलासुरला डबा नको. डॉट ४ च्या गाडीत डॉट ५.१ चालतं, त्याचा उत्कलनबिंदू किमान २६० अंश असतो. नावात साधर्म्य असलेलं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

काम दोघांनी करायचं. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलवर (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक थोडं नवं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने लिव्हर हळू दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल पाव आटा सैल करायचा, ऑइल बाहेर आलं की निपल बंद, आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत शिरते. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. शेवटी लिव्हर दाबून रबर बँडने ग्रिपला बांधा आणि रात्रभर ठेवा. वर अडकलेले बारीक बुडबुडे बऱ्यापैकी निघून जातात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

एबीएसच्या गाडीत एवढं करूनही लिव्हर मऊच राहिला तर मॉड्यूलमध्ये हवा असू शकते. ते काम सर्व्हिस सेंटरच्या डायग्नोस्टिक यंत्रावर करून घ्या. आणि एबीएस काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याच्यामुळे फेरीला जास्त वेळ लागतोय असं म्हणण्याइतका वेग यायला बरीच वर्षं लागतात.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. पातळ पॅडमधून उष्णता लवकर पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचते. शक्य असेल तर सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घ्या. पण ते घरीच बसवून, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून दहा-पंधरा वेळा ब्रेक लावत, मध्ये थंड होऊ देत, डिस्कशी जुळवून घ्या. नवे पॅड थेट ट्रॅकवर नेले तर पहिल्या सेशनला पकडच नसते. रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीच्या नळ्या हा पुढचा खर्च. लिव्हर कडक आणि दर वेळी सारखा लागतो. पैसे वाचवायचे असतील तर फक्त पुढची बदलली तरी पुरे.

टायर आणि हवा

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. चार-पाच वर्षं जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, ट्रॅकवर नको. रबर कडक झालेलं असतं. महामार्गावर रोज चाललेल्या टायरची अडचण वेगळी, मधोमध सपाट होऊन त्याची गोलाई गेलेली असते. वळणात गाडी झुकवताना त्या कडेवर ती एकदम पडल्यासारखी वाटते.

आर१५ ला पुढे १००/८०-१७ आणि मागे १४०/७०-१७ मापाचा टायर येतो. त्याच मापात मऊ रबराचा स्पोर्ट टायर मिळाला तर घ्या. रुंद दिसतो म्हणून १५० बसवायचा मोह टाळा. मूळ रिमवर तो चिमटला जातो, गोलाई बिघडते आणि गाडी झुकायला जड होते.

हवेबद्दल प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. त्यापेक्षा पद्धत शिका. सकाळी टायर थंड असताना मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा २ ते ३ पीएसआय कमी ठेवा. सेशन संपवून पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) आल्या आल्या, हेल्मेट काढायच्याही आधी, हवा मोजा. थंड आकड्यापेक्षा वाढ साधारण दहा टक्के असेल तर ठीक. पंधरा-वीस टक्क्यांवर गेली असेल तर टायर फार वळवळतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती, थोडी वाढवा. जेमतेम एक पीएसआय वाढली असेल तर टायर तापतच नाहीये, हवा किंचित कमी करा. दर वेळी एकच पीएसआय बदला आणि वहीत लिहा. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा गेज ठेवा. गेज दोन पीएसआय चुकीचा दाखवत असला तरी रोज तोच चुकीचा असेल तर तुलना खरीच निघते.

सस्पेन्शन

हा भाग सगळे टाळतात, आणि फुकटात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. लागतं काय? मोजपट्टी, वही आणि दोन मित्र.

स्वार बसल्यावर गाडी किती दबते, ते सॅग. पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या, स्प्रिंग असलेल्या दोन नळ्यांवर) दोन ठरावीक खुणा धरा. आधी चाक हवेत उचलून, फोर्क पूर्ण लांब असताना त्यांच्यातलं अंतर मोजा. मग सूट, बूट, हेल्मेट घालून ट्रॅकवर बसाल तसेच वाकून गाडीवर बसा. एक मित्र गाडी सरळ धरेल. दुसऱ्याने पुढचा भाग हलका दाबून सावकाश सोडायचा आणि अंतर मोजायचं, मग हलका उचलून सावकाश सोडायचा आणि पुन्हा मोजायचं. फोर्कच्या सीलच्या घर्षणामुळे हे दोन आकडे वेगळे येतात; त्यांची सरासरी घ्या. पूर्ण लांबीतून ती वजा केली की सॅग मिळतो. मागे एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत हेच करायचं.

ट्रॅकसाठी पुढे ३० ते ३५ मिलिमीटर, मागे २५ ते ३० असा सॅग बहुतेक स्पोर्ट गाड्यांना चालतो. आर१५ च्या पुढच्या सस्पेन्शनचा एकूण प्रवास १३० मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण पाव भाग स्वाराच्या वजनाने संपतो. सॅग जास्त येत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवा. फोर्कला प्रीलोडची सोय नसेल तर स्प्रिंगवरचा स्पेसर थोडा लांब करून घेता येतो. हे काम फोर्क उघडायचा सराव असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. तेव्हाच फोर्क ऑइल थोड्या जास्त जाड ग्रेडचं भरून घेतलं की ब्रेक लावल्यावर नाक खाली आपटायचं कमी होतं. ज्यांच्याकडे टीव्हीएस आरआर ३१० ची डायनॅमिक किटवाली गाडी आहे त्यांचं काम सोपं, पुढचं सस्पेन्शन जुळवायची सोय कंपनीकडूनच येते.

मग फोर्कच्या चकचकीत नळीवर एक प्लास्टिकचा टाय बांधा. सेशननंतर तो जिथे सरकून थांबला असेल तिथपर्यंत फोर्क दबला होता. शेवटचे दहा-पंधरा मिलिमीटर शिल्लक असावेत. टाय पार टोकाला गेला असेल तर फोर्क आपटतोय. निम्म्यातच थांबला असेल तर एक तर सस्पेन्शन कडक आहे किंवा तुम्ही अजून ब्रेक जपूनच लावताय. पहिल्या ट्रॅक डेला बहुधा दुसरं कारण खरं असतं, तेव्हा घाईने स्प्रिंग सैल करू नका.

काय काढायचं, काय झाकायचं

आरसे, नंबर प्लेट, साडी गार्ड, लेग गार्ड, मागचे फूटरेस्ट, मागची पकडायची पट्टी, इंडिकेटर: सगळं निघतं. लेग गार्ड रस्त्यावर पाय वाचवत असेल, पण ट्रॅकवर झुकलेल्या गाडीत तोच आधी जमिनीला टेकतो आणि मागचं चाक उचलतो. फूटरेस्टच्या टोकाखालचे बारीक खुंटही काढा.

साइड स्टँड काढताना एक अडचण येते. नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन बंद करणारा स्विच असतो, तो तसाच सोडला तर गाडी सुरूच होणार नाही. स्विच तोडू नका. आयोजकांनी स्टँड काढायला सांगितलं नसेल तर तो वर घेऊन तारेने घट्ट बांधा, तेवढं पुरतं. मात्र मग पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून गाडी उभी धरणारा वेगळा स्टँड) आणायला विसरू नका.

हेडलाइट आणि मागच्या दिव्याची काच चिकटपट्टीने पूर्ण झाका, म्हणजे फुटली तरी तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. ब्रेक लाइट दिसता कामा नये, मागचा स्वार तुमच्या दिव्याकडे बघून ब्रेक लावायला लागतो. फ्यूज काढणार असाल तर त्याच फ्यूजवर आणखी काय चालतं ते वायरिंगच्या नकाशात आधी पाहून घ्या.

कूलंटबद्दल आयोजकांचे नियम विचारा. नेहमीच्या कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर वाळत नाही, तेलासारखं निसरडं राहतं, आणि त्यावरून मागचे चार जण पडतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी डिस्टिल्ड वॉटर भरायला लावतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. परत आल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा कूलंट भरा, नाहीतर आतलं ॲल्युमिनियम गंजायला लागतं.

तार बांधणे

ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट थरथरीने सुटू नयेत म्हणून त्यांना स्टीलची तार बांधतात. ट्रॅक डेला सगळीकडे सक्ती नसते, तरी निदान ड्रेन बोल्टला बांधाच. बोल्टच्या डोक्याला साधारण दीड मिलिमीटरचं छिद्र लागतं. घरच्या ड्रिलने बिट मोडण्यापेक्षा लेथवाल्याकडून पाडून घ्या आणि जास्तीचा एक बोल्ट तयार ठेवा. ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार छिद्रातून ओवून पिळायची आणि दुसरं टोक जवळच्या पक्क्या जागी बांधायचं. दिशा महत्त्वाची: बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली गेली पाहिजे. सुटण्याच्या दिशेने वळताना ती सैल पडत असेल तर ती शोभेचीच. आधी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत घट्ट करा, मग तार बांधा. बाकीच्या बोल्टवर पेंटच्या पेनाने रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.

बसण्याची ठेवण आणि बचाव

टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावा. स्वस्त आहेत, आणि ब्रेक लावताना शरीराचं वजन हातांऐवजी मांड्यांवर येतं. सेशननंतर मनगटं दुखत असतील तर दोष बहुधा हँडलचा नसतो, टाकी नीट धरली जात नसते. फूटरेस्ट वर आणि मागे नेणारे रिअरसेट पहिल्या दिवशी नकोत. बूट किंवा फूटरेस्ट खरोखर जमिनीला घासायला लागल्यावर घ्या.

गाडी पडली तर पहिला फटका इंजिनाच्या बाजूच्या कव्हरला बसतो. तिथे छिद्र पडलं की ऑइल ट्रॅकवर सांडतं, तुमचा दिवस संपतो आणि इतरांचा अर्धा तास जातो. म्हणून इंजिन कव्हरचं जाड संरक्षण आधी घ्या, फ्रेम स्लायडर (पडल्यावर फ्रेमऐवजी घासणारे बाजूचे गोळे) नंतर. क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर पेटीत ठेवा. बऱ्याचदा साध्या पडण्यात तेवढंच तुटतं.

चेन मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या सैल टोकाला ठेवा, ताणलेली नको. स्वार बसल्यावर आणि सस्पेन्शन दबल्यावर ती आणखी ताणली जाते. गिअरिंग बदलायचंच असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करणं स्वस्तात होतं. पुढे १४ आणि मागे ४८ दातांची जोडी १३-४८ केली की गिअरिंग सुमारे पावणेआठ टक्क्यांनी आखूड होतं, म्हणजे मागे तीन-चार दात वाढवल्यासारखं. कारीला हे कामाला येतं. पण तीच गाडी हायवेने परत आणायची असेल तर इंजिन उगाच फिरत राहील.

अंगावरचे कपडे हा गाडीतल्या बदलांपेक्षा मोठा खर्च आहे आणि त्यात तडजोड नको. एकसंध चामड्याचा सूट, नसेल तर कमरेभोवती पूर्ण चेनने जोडला जाणारा दोन भागांचा. मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, पाठीचं संरक्षण आणि डबल डी-रिंगचं फुल फेस हेल्मेट. सूट आणि बूट अनेक आयोजक भाड्याने देतात. पहिल्या दोन वेळा भाड्याने घ्या आणि वाचलेले पैसे टायरमध्ये घाला.

न्यायचं कसं आणि तिथला दिवस

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, सेलम करत पुण्याहून कोइम्बतूरला गाडी चालवत जाता येतं, साधारण १,२०० किलोमीटर. मी एकदा गेलोय. नवा टायर मधोमध झिजला आणि पहिल्या सेशनला मान वळत नव्हती. त्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून पिकअप ठरवा. गाडी बांधताना पट्टे हँडलच्या टोकांना नाही, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (फोर्कच्या दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीला) घाला आणि फोर्क निम्म्यापर्यंतच दाबा. रेल्वे पार्सलनेही जाते. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि पॅकिंग स्वतः समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

सोबत टॉर्क रेंच, ॲलन की, पक्कड, तार, चिकटपट्टी, प्लास्टिक टाय, चेन ल्यूब, हवेचा गेज, छोटा पंप, सीलबंद ब्रेक ऑइल, आणि मिठाची पुडी घातलेलं भरपूर पाणी.

तपासणीत पॅड, टायर, स्टीअरिंगचं बेअरिंग, तारा आणि थ्रॉटल बघतात. हँडल डावीकडे पूर्ण वळवून थ्रॉटल उघडून सोडा, मग उजवीकडे वळवून तसंच करा. दोन्हीकडे तो आपसूक खटकन बंद व्हायला हवा. झेंड्यांची माहिती देतात तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे घसरण, हे ऐन वळणात आठवावं लागतं. पहिलं सेशन टायर आणि ट्रॅक समजून घेण्यासाठीच ठेवा. शेवटच्या फेरीत ब्रेक कमी वापरून डिस्क थंड होऊ द्या, आणि पॅडॉकमध्ये आल्यावर लिव्हर दाबून धरून उभे राहू नका.

संध्याकाळी गाडी चढवायच्या आधी पॅडची जाडी, टायरच्या कडा, चेन, तारा आणि पेंटच्या रेघा बघा. हवा आणि सॅगचे आकडे वहीत उतरवा. घरी आल्यावर कूलंट, आरसे, इंडिकेटर, साडी गार्ड, नंबर प्लेट परत लावा, दिव्यांवरची चिकटपट्टी काढा, हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा. ब्रेक ऑइलचा रंग गडद झाला असेल तर पुढच्या ट्रॅक डेची वाट न बघता त्याच आठवड्यात बदला.